अंगावरची डासरोधक साधनं: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कोणतं कामाचं, कोणतं नुसतं लटकवायचं

मार्च लागला की औषधांच्या दुकानांत काउंटरवर रंगीत मनगटी पट्टे, स्टिकर आणि कपड्यांवर लावायचे रोल-ऑन मांडले जातात. फोनवर गळ्यातल्या पंख्यांच्या, बेल्टला अडकवायच्या डब्यांच्या आणि ‘आवाजाने डास पळवणाऱ्या’ घड्याळांच्या जाहिराती सुरू होतात. यातल्या दोन-तीन वस्तू खरोखर कामाच्या आहेत, बाकीच्या दागिन्यांत जमा. कामाच्या वस्तूही चुकीच्या जागी वापरल्या की फुकट जातात, आणि बहुतेक वेळा घोळ हवेचा असतो: पंखा, कूलर, गच्चीवरचा वारा. म्हणून पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारा, हे घालून तुम्ही बसणार आहात की फिरणार, आणि तिथे हवा किती हलते?

आधी डास कोणता ते बघा

आपल्याकडे उन्हाळ्यात तीन तऱ्हेचे डास असतात आणि त्यांची वेळ सारखी नसते. मार्च-एप्रिलमध्ये स्वर्णरेखा नाल्याच्या दोन्ही बाजूंना, फूलबागेच्या आसपास, संध्याकाळनंतर जे थवे उठतात ते क्युलेक्स. घाण साचलेल्या पाण्यात वाढतात, रात्री चावतात, कानाशी गुणगुणतात. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कोरड्या हवेत उघड्यावरचे डास कमी होतात, पण घरात कूलरच्या ओलाव्याला एडिसचं राज्य सुरू होतं. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास डेंग्यू-चिकनगुनियाचा. तो दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर दोनेक तास आणि सूर्य मावळण्याआधीचे काही तास जास्त, आणि त्याची आवडती जागा म्हणजे घोटे आणि पोटऱ्या. तिसरा ॲनोफिलिस स्टिफेन्साय, शहरी मलेरियाचा. तो गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो आणि अंधार पडल्यावर चावतो.

यातून दोन गोष्टी ठरतात. मनगटावर काहीही बांधलं तरी एडिस घोट्याला चावणार. आणि फक्त संध्याकाळी साधन चालू केलं तर दुपारी चार वाजता टेबलाखाली पाय सोडून अभ्यास करणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

उदबत्तीची परीक्षा

अंगावरच्या साधनांपैकी जे वाफ सोडतात त्यांना स्थिर हवा लागते. जे वारा सोडतात त्यांचं काम नेमकं उलटं. दोन्ही एकत्र वापरले की एकमेकांना मारतात: गळ्यात पंखा आणि कमरेला वाफेची क्लिप असेल तर क्लिपचं रसायन पंखा उडवून देतो आणि पंख्याचा वारा पायांपर्यंत पोचतच नाही. दुकानदार दोन्ही एकत्र देईल, तुम्ही एकच घ्या.

कोणतं घ्यायचं ते उदबत्ती सांगते. ज्या जागी बसणार तिथे, बसल्यावर गुडघ्याच्या उंचीला, उदबत्ती धरा. धूर वीतभर तरी सरळ वर जाऊन मग फाटत असेल तर वाफेचं साधन चालेल. धूर निघताक्षणी आडवा होत असेल तर तिथे वाफेवर पैसे घालवू नका. तिथे पंखा, कपडे आणि क्रीम. कूलरच्या तोंडासमोर धूर कधीच उभा राहत नाही. अंगणात किंवा ओट्यावर, पाठीमागे भिंत असेल तर पुष्कळदा राहतो. गच्चीवर दिवेलागणीला बहुधा चालतं, आणि रात्री वारा सुटला की चालेनासं होतं. म्हणून परीक्षा ज्या वेळी बसणार त्याच वेळी घ्या.

पंख्याची क्लिप: बसणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत छोटा पंखा, त्यात मेटोफ्लुथ्रिन लावलेली चकती आणि दोन बारक्या पेन्सिल बॅटऱ्या. मेटोफ्लुथ्रिन हे खोलीच्या तापमानालाच उडणारं रसायन आहे. गरम करावं लागत नाही, पंखा ते फक्त पसरवतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एडिस डासांवर बाजारातली ११ उत्पादनं तपासली. त्यात अंगावर घालायच्या वस्तूंपैकी ही एकच जात ठळकपणे उपयोगी ठरली; मनगटी पट्टे आणि आवाजाचं यंत्र निरुपयोगी निघाले.

वापरायची पद्धत:

१. बॅटऱ्या घालण्याआधी पंखा मोकळा फिरतो का ते बोटाने हलवून बघा. चकती घालायच्या आधी पंखा चालू करा आणि बाहेरच्या जाळीसमोर टिश्यू कागदाची बोटभर पट्टी धरा. पट्टी स्पष्ट फडफडली पाहिजे. नुसता गूं आवाज येतो आणि पट्टी हलत नाही, तर बॅटरी उतरली आहे किंवा आत केस अडकलाय.

२. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्या १.२ व्होल्टच्या असतात, साध्या १.५ च्या. दोन मिळून २.४ व्होल्ट म्हणजे पंखा थोडा हळू फिरतो. चालतं, पण पट्टीची परीक्षा करूनच.

३. चकतीचं पाकीट वापरायच्या दिवशीच फोडा. फोडलं की पंखा बंद असतानाही रसायन उडत राहतं, आणि बेचाळीस डिग्रीत आणखी लवकर. चकतीच्या कडेला पेनाने तारीख लिहा आणि रोज किती तास चालवलं त्याच्या उभ्या रेघा ओढा. पाकिटावर १२ तास लिहिले असतील तर उन्हाळ्यात ९-१० धरा.

४. चकतीला हात लागला तर साबणाने धुवा, मगच पोहे-चहाला हात लावा.

५. क्लिप कपड्याच्या बाहेर अडकवा. खिशात, ओढणीखाली किंवा पदराच्या आत ठेवली तर हवा आत जातच नाही. जाळीचं तोंड चेहऱ्याकडे नको.

६. खुर्चीत बसणार असाल तर कमरेला लावण्याऐवजी खुर्चीच्या पुढच्या पायाला, जमिनीपासून वीतभर उंच अडकवा. पाय वाचतात, आणि हल्ला तिथेच असतो. जमिनीवर मांडी घालून बसणार असाल तर कमरेलाच ठीक.

७. बसायच्या १० ते १५ मिनिटं आधी सुरू करा. उठून आत पाणी प्यायला गेलात तर रसायनाच्या वाफेचा ढग मागे राहतो. परत येऊन बसल्यावर पुन्हा काही मिनिटं लागतात. म्हणून ही क्लिप लावून फिरायला जाणं म्हणजे वाटेवर रसायन सांडत जाणं.

लोकांची सगळ्यात मोठी तक्रार, ‘पहिल्या दिवशी चाललं, मग नाही.’ तपासायचा क्रम असा: पट्टीची परीक्षा, मग चकतीवरच्या रेघा, मग उदबत्ती. शंभरातल्या बहुतेक तक्रारी या तीन पायऱ्यांत संपतात. त्यातही शेवटची पायरी लोक विसरतात, कारण मधल्या दिवसांत कूलर सुरू झालेला असतो.

मेटोफ्लुथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन, ॲलेथ्रिन ही सगळी कीटकनाशकं आहेत. भारतात अशा वस्तूची कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते. पाकिटावर रसायनाचं नाव, टक्केवारी, नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असलाच पाहिजे. ‘हर्बल फॉर्म्युला’ एवढंच लिहिलेलं आणि वासाने घसा धरणारं काही हाती आलं तर ते परत करा. मासे या रसायनांनी फार पटकन मरतात. घरात काचेची टाकी असेल तर तिच्या खोलीत क्लिप चालू करू नका.

गॅसवर तापणारं साधन

थर्मासेलसारख्या यंत्रात ब्युटेनची छोटी नळी असते, तिच्या उष्णतेने ॲलेथ्रिन लावलेली चटई तापते. एक चटई ४ तास, एक नळी १२ तास. स्थिर हवेत साधारण १५ फुटांपर्यंत संरक्षण मिळतं आणि ते तयार व्हायला पाव तास लागतो. कमरेच्या पिशवीत घालून नेता येतं, म्हणून त्याला अंगावरचं म्हणतात; खरं तर ते जमिनीवर ठेवून चार जणांत वापरायचं आहे. चटई निळ्याची पांढरी पडली की संपली. उन्हात उभ्या गाडीत नळी ठेवू नका, पेटती कॉइल आणि उदबत्ती यांच्याजवळ नळी बदलू नका, आणि विमानप्रवासात ती सोबत नेता येत नाही. ग्वाल्हेरच्या घरातल्या गरजेला ते जड आहे. शेतावरच्या रखवालीला किंवा रात्रीच्या सहलीला मात्र चांगलं.

गळ्यातला आणि कमरेचा पंखा

डास उडण्यात कच्चा असतो. त्याचा वेग ताशी दोनेक किलोमीटरच्या आसपास. साध्या पंख्याचा वारा त्याला झेपत नाही, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास पांगतो, म्हणजे माग काढणंही अवघड जातं. हे तत्त्व पक्कं आहे. अडचण एवढीच की गळ्यातल्या पंख्याचा वारा हनुवटी आणि गालांवर जातो. मान, चेहरा वाचतो. दंड अर्धे आणि पाय अजिबात नाही.

घ्यायचाच असेल तर ४,००० मिलिअँपिअर तासांच्या पुढची बॅटरी बघा. जाहिरातीतले तास सगळ्यात हळू वेगाचे असतात. डासांसाठी जो वेग लागतो त्यावर तीन-चार तास धरा. लांब केस मागे बांधा, नाहीतर कडेच्या फटीतून आत ओढले जातात. लिथियम बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये, म्हणून दुपारी गच्चीवरच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत चार्जिंग किंवा साठवण नको. बॅटरीची बाजू फुगलेली दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद.

कमरेच्या पट्ट्याला लावून सदऱ्याखाली वारा सोडणारा पंखा डासांसाठी जास्त चांगला आहे, आणि याचं कारण फारसं कुणी सांगत नाही: तो कापड कातडीपासून दूर फुगवतो. डास पातळ, अंगाला चिकटलेल्या कापडातून सहज सोंड खुपसतो, फुगलेल्या कापडातून ती पोचत नाही. सैल सुती कुर्ता, आत बनियान, कमरेला पंखा, असं करून बागकाम करणाऱ्याची पाठ सुटते.

घरात बसलेल्यांसाठी मात्र फर्राटा, म्हणजे जोराचा वारा सोडणारा पंखा जमिनीवर ठेवून पायांकडे वळवणं हे गळ्यातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा सरस आहे. वीज असेपर्यंत.

पट्टे, स्टिकर, आवाज

सिट्रोनेला तेलाचा रबरी पट्टा नाकाला छान वाटतो. ते तेल इतकं लवकर उडतं की पहिल्या तासानंतर फक्त आठवण राहते, आणि पहिल्या तासातही पट्ट्यापासून बोटभर अंतरावर डास बसतो. २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या तुलनेत २३.८ टक्के डीटने, म्हणजे कातडीवर लावायच्या डासरोधक रसायनाने, सरासरी पाच तास संरक्षण दिलं, मनगटी पट्ट्यांनी अर्धं मिनिटसुद्धा नाही. स्टिकरचंही तेच. कपड्यावरचा रोल-ऑन थोडा बरा, कारण ठिपके घोट्याजवळ, पायजम्याच्या काठावर लावता येतात. चार-चार बोटांवर ठिपका आणि दर तासाला पुन्हा, एवढं करणार असाल तरच. तुकतुकीत आणि फिक्या रंगाच्या कापडावर तेलाचा डाग राहतो.

आवाजाच्या घड्याळांबद्दल लवकर आटपू. माणसाच्या ऐकण्याच्या वरचा आवाज, म्हणजे २०,००० हर्ट्झपुढचा, चावणाऱ्या मादी डासाला पळवतो असा दावा असतो. तिच्या स्वतःच्या पंखांचा आवाज ४०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे या गणितात मुळातच मेळ नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात प्रत्यक्ष मैदानातल्या दहा चाचण्या तपासल्या, एकीतही चावे कमी झाले नाहीत. मुलांच्या दिव्याच्या पट्ट्यांत आणि या घड्याळांत बटण-बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर घरात आणूच नका.

क्रीम आणि घड्याळाचं वैर

चालणाऱ्यासाठी, म्हणजे कटोराताल तळ्याभोवतीच्या फेऱ्या, सकाळची पीटी, स्कूटरवरून कोचिंगला जाणं, यासाठी कातडीवर लावायचं औषध हेच अंगावरचं साधन. पाकिटावर डीट, डायइथाइल बेंझामाइड, डेपा किंवा इकॅरिडिन यांपैकी नाव शोधा. यातलं डेपा आपल्या गावचं: झाशी रोडवरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने, डीआरडीईने, डीटला देशी पर्याय म्हणून ते पुढे आणलं.

टक्केवारी म्हणजे ताकद असा समज आहे. खरं तर ती वेळ ठरवते. १० टक्के डीट साधारण दोन तास, २० ते ३० टक्के चार ते सहा. घामाने हे कमी होतं, त्यामुळे मे महिन्यात अर्ध्या वेळेला पुन्हा लावायची तयारी ठेवा. थर पातळ पण सलग हवा. घोट्याच्या मागची बाजू, टाच, सँडलच्या पट्ट्यांमधली पावलं, कानामागे, हे सुटतं आणि डास नेमका तिथेच येतो. लावलेल्या कातडीपासून दोन बोटांवर कोरडी जागा मिळाली तरी त्याला पुरते. सनस्क्रीन आधी, पंधरा-वीस मिनिटं थांबून मग हे. उलट क्रमाने दोन्ही बिघडतात. कपड्याखाली, जखमेवर, मुलांच्या तळहातांवर नको.

आता यंत्रांशी संबंध. डीट काही प्लास्टिक विरघळवतं. स्मार्ट घड्याळाचा पट्टा चिकट होणं, चष्म्याच्या दांडीवर बोटांचे ठसे कायमचे उमटणं, क्लिपच्या डबीची कड पांढुरकी पडणं, नेलपॉलिश लिबलिबीत होणं, हे सगळं त्याचंच. आधी घड्याळ काढा, क्रीम लावा, तळवे साबणाने धुवा, क्रीम सुकू द्या, मग घड्याळ घाला. पट्ट्याखालची कातडी कोरडी ठेवली तरी चालते, तिथे डासाला जागाच नाही. रोज यंत्र घालणाऱ्याने इकॅरिडिन घ्यावं, ते प्लास्टिकला त्रास देत नाही.

जाळीची टोपी घरी शिवा

पहाटे झाडांना पाणी घालणारे, नाल्याकाठच्या घरांत संध्याकाळी अंगणात काम करणारे, यांना ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची वस्तू. महाराज बाड्याच्या आसपासच्या कापडाच्या दुकानांत जाळी मिळते.

लागणारं सामान: सगळीकडून किमान ७ सेंटिमीटर काठ असलेली टोपी, १.३ मीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद जाळी, अर्धा मीटर अरुंद इलॅस्टिक, जाड दोरा.

जाळी घेताना पट्टी सोबत न्या. एका इंचात उभ्या आणि आडव्या, एका दिशेला किमान १२ आणि दुसऱ्या दिशेला किमान १३ भोकं मोजून घ्या. मच्छरदाणीचा रूढ दर्जा चौरस इंचाला १५६ भोकांचा आहे. रंग काळा घ्या. पांढऱ्या जाळीवर उजेड चमकतो आणि समोरचं पुसट दिसतं, काळीतून स्वच्छ दिसतं.

टोपीच्या काठाचा घेर मोजा. काठासकट टोपीचा व्यास ३४ सेंटिमीटर असेल तर घेर साधारण १०७ येतो. जाळीची लांबी त्याच्या १.२ पट, म्हणजे १२८, उरलेलं शिवणीत. दोन्ही टोकं एकमेकांवर घेऊन दुहेरी शिवण मारा. वरची कड लहान-लहान चुण्या घालत काठाच्या अगदी बाहेरच्या कडेला शिवा. ही जागा महत्त्वाची: डोक्याजवळ शिवली तर जाळी गालाला टेकते, आणि टेकलेल्या जागी डास जाळीतून चावतो. खालच्या काठाला दीड सेंटिमीटर दुमड घालून इलॅस्टिक ओवा. घालताना खालचा भाग सदऱ्याच्या कॉलरच्या आत खोचा. मान वळवून बघा. कॉलर सुटत असेल तर जाळीची उंची पाच सेंटिमीटर वाढवा. धुताना पिळू नका, भोकं पसरतात.

कपडे आणि प्रसंग

एप्रिल-मेमधली लग्नं रात्री मॅरेज गार्डनच्या हिरवळीवर असतात, आणि तिथला मार बायकांच्या घोट्यांना आणि ब्लाउजच्या पाठीला बसतो. क्लिप तिथे निरुपयोगी, कारण मोठे पंखे चालू असतात आणि तुम्ही फिरत असता. घरून निघताना पाय, पाठ, दंड यांना क्रीम, पर्समध्ये छोटी ट्यूब, जेवणाआधी पायांना पुन्हा. हात धुऊनच पंगतीत बसायचं. रेशमी साडीला क्रीम लागू देऊ नका, आधी लावून दहा मिनिटं सुकवा.

संध्याकाळी फिरायला लेगिंगऐवजी सैल सलवार किंवा घोट्याला इलॅस्टिक असलेला पायजमा घाला. लेगिंग चिकटून बसते आणि डास तिच्यातून चावतो, हे बऱ्याच जणींना पटत नाही. पण पोटरीवरचे चावे मोजून बघा. एडिसला काळा, लाल, नारिंगी रंग ओढतात, पांढरा आणि हिरवा कमी. मोजे मात्र जाड असतील तर रंग कोणताही चालेल.

गच्चीवर झोपणाऱ्यांनी अंगावर रसायनाचं कुठलंही साधन लावून झोपू नये. खाटेला चार काठ्या, मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या, आणि हातपाय जाळीला न टेकण्याइतकी रुंदी.

दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावायचं नाही. त्याला जाळी आणि कपडे. तीन वर्षांखाली लेमन युकॅलिप्टसचं औषध नको. घरात दम्याचा रुग्ण असेल तर वाफेचं साधन त्याच्यापासून दूर, उघड्यावरच.

विकत घेतलेलं साधन खरंच चालतं का

उघडी कातडी डासांपुढे धरून परीक्षा घेऊ नका, डेंग्यूचा धोका आहे. गुडघ्यापर्यंत येणारे जाड काळे मोजे, वर जाड पँट, हातांना पूर्ण बाह्या, उघडा राहणारा चेहरा आणि हात क्रीमने झाकलेले. रोजच्या जागी, रोजच्या वेळी बसा आणि फोन जमिनीवर उभा करून मोज्यांचं चित्रण करा. पहिली दहा मिनिटं साधन बंद. मग साधन सुरू करून पाव तास थांबा आणि पुन्हा दहा मिनिटं चित्रण. नंतर हळू गतीने पाहून मोज्यावर किती डास उतरले ते मोजा. बंद असताना पाचपेक्षा कमी उतरले तर त्या दिवशीचा निकाल धरू नका. हेच दुसऱ्या संध्याकाळी करा, कारण हवा रोज सारखी नसते. चालू असताना आकडा निम्म्याहून खाली गेला तर वस्तू ठेवा. नाही गेला तर बिल सांभाळून ठेवलंय ना ते बघा.

कूलर, ज्याच्याशिवाय हे सगळं व्यर्थ

खोलीतला कूलर स्वतःच डास काढत असेल तर अंगावर काहीही बांधून उपयोग नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून टाकी पूर्ण रिकामी करा. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही: एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. कडक ब्रशने त्या रेषेच्या वर-खाली चार बोटं घासा, कोपरे आणि पंपाखालचा तळ विसरू नका, टाकी उन्हात कोरडी होऊ द्या, मग भरा. ज्या खोलीचा कूलर सध्या बंद आहे त्याचं पाणी आजच काढा. नेमकं तेच विसरलं जातं.

मोसम संपल्यावर

क्लिपच्या बॅटऱ्या काढून ठेवा, आत राहिल्या तर पुढच्या मार्चपर्यंत गळून पितळी पट्ट्या खातात. पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर दिसलाच तर व्हिनेगरचा थेंब घेतलेल्या कापसाने पुसा, कोरडं करा. पंख्याची पाती मऊ ब्रशने झटका. गळ्यातल्या पंख्याची बॅटरी अर्धी भरलेली ठेवून गार कपाटात ठेवा, पूर्ण रिकामी ठेवली तर ती उठत नाही. संपलेल्या चकत्या आणि चटया कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात, घरातल्या घातक कचऱ्याचा डबा वेगळा असेल तर त्यात टाका. नाल्यात, हौदात किंवा तळ्यात जाऊ देऊ नका, मासे मरतात, आणि डासांच्या अळ्या खाणारे मासेच तेवढे आपल्या बाजूचे आहेत.